शहाऐंशी सेंटीमीटरनंतरचं मूल: सीमाशुल्क मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ,
नवी दिल्ली

विषय: आयात होणाऱ्या लहान मुलांच्या कपड्यांचं वर्गीकरण आणि त्यांवरचं नगामागचं किमान शुल्क

महोदय,

मी न्हावा शेव्याला एका कस्टम ब्रोकरकडे काम करतो. तयार कपड्यांच्या मालाची चेकलिस्ट करायची, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं विवरणपत्र, भरायचं, क्वेरी आली की उत्तर द्यायचं, आणि माल उघडायचं ठरलं की सीएफएसवर, म्हणजे कंटेनर ठेवतात त्या गोदामात, जाऊन कार्टनशेजारी उभं राहायचं, हे रोजचं काम. मोठ्या ब्रँडकडे त्यांचे वकील आहेत, त्यांची काळजी मला नाही. हे पत्र मी लिहितोय ते दादर, उल्हासनगर, पुण्याचा लक्ष्मी रोड इथल्या छोट्या व्यापाऱ्यांचा विचार करून. गणपती-दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आधी ही मंडळी चार जणांत एक कंटेनर वाटून घेतात आणि मुलांचे कपडे मागवतात. त्यांच्या मालावरचा कर एका विचित्र जागी अडकतो. ती जागा आपल्या टॅरिफमध्ये, म्हणजे सीमाशुल्काच्या दरपत्रकात, आहे आणि ती दुरुस्त करणं आपल्या मंडळाच्या आणि अर्थ मंत्रालयाच्या हातात आहे, म्हणून हे जाहीरपणे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कपडा होजियरीचा, म्हणजे निट असेल तर टॅरिफमधला चॅप्टर ६१. मागावरच्या कापडाचा असेल तर चॅप्टर ६२. दोन्हीकडे तान्ह्या मुलांच्या कपड्यांना वेगळं हेडिंग आहे, निटला ६१११ आणि वोव्हनला ६२०९. तान्हं कोण, याचं उत्तर चॅप्टरच्या टिपेत आहे: ज्या लहान मुलांची उंची ८६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही ती. वय नाही, वजन नाही, फक्त उंची. शिवाय एखादा कपडा या हेडिंगमध्येही बसतो आणि दुसऱ्याही, असं दिसलं तर तो तान्ह्यांच्याच हेडिंगमध्ये टाकायचा, हेही त्याच टिपेत आहे. नियम आंतरराष्ट्रीय आहे, ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या हार्मोनाइज्ड सिस्टिम या मालाच्या वर्गीकरणाच्या पद्धतीतला. त्यावर माझी तक्रार नाही. कुठेतरी रेघ मारावी लागतेच.

अडचण ही की उंची असते मुलाला, आणि माझ्यासमोर कार्टनमध्ये असतो फ्रॉक.

युरोपातून येणाऱ्या मालावर बहुतेक वेळा उंचीच छापलेली असते: ७४, ८०, ८६, ९२, ९८. सहा-सहाच्या पायऱ्या, आणि ८६ ही त्यातली एक पायरी. तिथे वादच नाही. चीनच्या मालावर उंची आणि छाती अशी जोडी असते, ८०/४८, ९०/५२. तिथल्या लहान मुलांच्या मापांत ८० नंतर थेट ९० येतं. आता ९० चा कपडा साधारण ८५ ते ९५ सेंटीमीटरच्या मुलांना होतो. रेघ त्याच्या बरोबर आतून जाते. बांगलादेशच्या मालावर महिने लिहिलेले असतात, "१८-२४ महिने". आणि आपल्या घाऊक बाजारात तर सोळा नंबर, अठरा नंबर, वीस नंबर. हे नंबर इंचांतले, ते मुलाच्या उंचीशी जुळवायला दुकानदाराची नजर लागते, तक्ता कामाला येत नाही.

महिन्यांवरून उंची काढायला गेलं तरी सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात, जो आपल्या अंगणवाड्यांतही वापरला जातो, दोन वर्षांच्या मुलीची मध्यम उंची ८५.७ सेंटीमीटर आहे आणि मुलाची ८७.१. म्हणजे "२४ महिने" असं लेबल असलेला एकच टी-शर्ट सरासरी मुलीला घातला तर तान्ह्यांचा, सरासरी मुलाला घातला तर नाही. आणि ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, तिथे अडीच वर्षांचा मुलगा ८५ सेंटीमीटरचा असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. आपलं स्वतःचं माप तरी आहे का? भारतीय शरीराच्या मापांसाठी निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेनं जो "इंडियासाइझ" प्रकल्प हाती घेतला, तो १५ ते ६५ वयोगटाचा. मुलं त्यातही नाहीत.

यातून प्रत्यक्षात काय होतं ते एका प्रसंगातून सांगतो. बंदराचं आणि अधिकाऱ्यांचं नाव घेत नाही, कारण ते आपल्या परीनं कामच करत होते. मुलींचे सुती निट फ्रॉक, लेबल "१८-२४ महिने", आम्ही ६१११ मध्ये दाखवलेले. शेडमध्ये कार्टन उघडलं, पॉलिबॅग फाडून एक फ्रॉक टेबलावर पसरला आणि खांद्यापासून घेरापर्यंत टेप लावली. बेचाळीस सेंटीमीटर भरले. मग प्रश्न आला की बेचाळीसचा फ्रॉक शहाऐंशीच्या मुलीला होतो हे कशावरून? मी पुरवठादाराचा साइज चार्ट दिला. चार्ट पुरवठादारानंच केलेला, त्याला पुरावा कसं मानायचं, असं म्हणणं पडलं. ते चुकीचंही नव्हतं. शेवटी माल ६१०४ मध्ये, म्हणजे बायकांच्या आणि मुलींच्या पोशाखांच्या हेडिंगमध्ये गेला. त्याच पुरवठादाराचे, त्याच लेबलचे फ्रॉक पुढच्या हंगामात तोच चार्ट दाखवून ६१११ मध्ये सुटले. आयातदार मला विचारत होता की पहिल्या वेळचे जादा पैसे परत मिळतील का. कंटेनर अडकलेला असताना त्यानं सीएफएसचं भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचा आकार, भरलेलं होतं ते वेगळंच.

थोडं विषयांतर, पण बाळंतविड्याची पेटी घ्या. बाहेरून येणारे नवजात बाळाचे संच आता बरेच खपतात: दोन झबली, लाळेरं, हातमोजे, पायमोजे, टोपडं, कधी त्यातच दोन लंगोट. झबलं, लाळेरं, हातमोजे निटचे असतील तर ६१११. पायमोज्यांना तळवा शिवलेला किंवा चिकटवलेला नसेल तर तेही ६१११; तळवा लावलेला निघाला तर ते पादत्राण, चॅप्टर ६४. टोपडं हे शिरस्त्राण, चॅप्टर ६५. लंगोट २०१२ पासून ९६१९ मध्ये, डायपरच्या शेजारी. पेटी एक, रिबीन एक, किंमत एक, आणि चॅप्टर चार. अशा वेळी वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतला संचांचा नियम ३(ख) लावून सगळी पेटी तिच्या मुख्य स्वरूपावरून ६१११ मध्ये धरायची की टोपडी मोजून बाजूला काढायची, यावर मी दोन्ही बाजूंची मतं ऐकली आहेत. कपड्यांच्या विभागाच्या टिपा संचाच्या विरुद्ध बोलतात, पण त्या ६१ आणि ६२ मधल्या वेगवेगळ्या हेडिंगच्या कपड्यांपुरत्या; टोपडं त्यांत येत नाही. रकमेच्या दृष्टीनं हा वाद किरकोळ आहे. वेळेच्या दृष्टीनं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

८६ ची रेघ ओलांडली की कायद्याच्या नजरेत मूल हा वेगळा प्रकार उरतच नाही. पुढची हेडिंगं "पुरुषांचे किंवा मुलग्यांचे" आणि "स्त्रियांचे किंवा मुलींचे" अशी एकत्र आहेत. टी-शर्टच्या ६१०९ मध्ये तर तेवढाही भेद नाही. मालाच्या आठ आकडी कोडमध्ये पहिल्या सहा आकड्यांपर्यंत ही रचना जगभर सारखी, तिथे आपल्याला हात लावता येत नाही, हे मला कळतं. पण आपण त्या ओळींना दर जोडला तो कसा, ते बघा. शर्ट, पँट, फ्रॉक, स्कर्ट यांच्या कित्येक ओळींवर आपल्याकडे शुल्क असं लिहिलेलं आहे: इतके टक्के, किंवा नगामागे इतके रुपये, यांतलं जे जास्त असेल ते.

नगामागचे हे रुपये मोठ्या माणसाच्या आणि चार वर्षांच्या मुलाच्या कपड्याला एकच आहेत.

हिशेबासाठी सोपे आकडे धरू. हे आकडे उदाहरणाचे आहेत, कुठल्याही ओळीचे नाहीत. समजा दर २० टक्के किंवा नगामागे ९० रुपये, जे जास्त ते. बाईचा ड्रेस ६०० रुपये मूल्याचा. २० टक्के म्हणजे १२० रुपये, ते ९० पेक्षा जास्त, म्हणून १२० घेतले. पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक १५० रुपयांचा. २० टक्के होतात ३०. पण किमान ९०, म्हणून ९० घेतले. म्हणजे बाईच्या ड्रेसवर मूल्याच्या वीस टक्के शुल्क आणि पोरीच्या फ्रॉकवर साठ टक्के. त्यावर अधिभार, आणि मग मूल्यासकट या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. कपडा जितका लहान आणि जितका स्वस्त, तितका त्याच्यावरचा कर टक्क्यांत मोठा. महागडा डिझायनर फ्रॉक मागवणाऱ्याला या किमान रकमेचा धक्काही लागत नाही, कारण त्याचे टक्केच जास्त भरतात. मार बसतो तो साध्या सुती कपड्याला.

गंमत म्हणजे याच सरकारचा जीएसटी अगदी उलट दिशेनं विचार करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के. तिथे नग स्वस्त असेल तर कर कमी. कस्टममध्ये नग स्वस्त असेल तर कर जास्त. दोन्ही कर एकाच बिल ऑफ एंट्रीवर, एकाखाली एक छापून येतात.

किमान रक्कम का आली तेही मला ठाऊक आहे, आणि ते कारण खोटं नव्हतं. आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध, म्हणजे किती माल येऊ द्यायचा यावरच्या मर्यादा, १ एप्रिल २००१ पर्यंत उठवायचे होते. दार उघडल्यावर मातीमोल भाव दाखवून कपड्यांचे ढीग येतील, टक्केवारीचं शुल्क अशा खोट्या बिलापुढे लुळं पडेल, ही भीती होती. बिलात किंमत पाडता येते, नग पाडता येत नाहीत. कस्टमच्या दृष्टीनं नगाचा हिशेब त्यामुळे सोयीचा. पण तो बसवताना डोळ्यांसमोर मोठ्या माणसाचा शर्ट होता. त्या रकमेत मुलांचे शर्ट आपोआप ओढले गेले, कारण ओळ एकच होती.

सोलापूरच्या कारखानदारांचा आक्षेप मला इथे ऐकू येतो आणि तो रास्त आहे. शाळेचे गणवेश आणि मुलांचे कपडे शिवणारं ते मोठं केंद्र, हजारो घरं त्यावर चालतात. किमान रक्कम काढली तर बाहेरचा कचरा माल येऊन त्यांचं कंबरडं मोडेल. म्हणून मी ती काढा असं म्हणतच नाही. मी म्हणतो, ती नगावर न ठेवता किलोवर ठेवा. हे नवं नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात निट कापडाच्या नऊ ओळींवर आपणच दर केला: २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, जे जास्त ते. कापडाला जमलं ते मुलांच्या कपड्याला का जमू नये? पाच वर्षांच्या पोरीचा फ्रॉक शे-सव्वाशे ग्रॅमचा, बाईचा ड्रेस त्याच्या दुप्पट-तिप्पट. वजनावर किमान रक्कम बसवली की लहान कपड्याला लहान कर लागतो, आणि खोटं बिल करणाऱ्याला पळवाटही मिळत नाही. उलट वजन पकडणं नगांपेक्षा सोपं, वजनकाटा बंदरात आहेच. भरीव जॅकेटं आणि तलम सिंथेटिक यांना वेगवेगळे आकडे लागतील, हे मान्य. पण त्यावर चर्चा करता येते. आज चर्चा करायला ओळच नाही.

ओळ करता येते. सहा आकडे जगाचे, शेवटचे दोन आपले. अमेरिकेच्या टॅरिफमध्ये सांख्यिकीसाठी का होईना, पुरुषांचे आणि मुलग्यांचे कपडे शेवटच्या आकड्यांत वेगळे केलेले आहेत. ब्रिटनमध्ये तर लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट शून्य आहे आणि "लहान" म्हणजे कुठल्या मापापर्यंत, याचे तक्ते कर खात्यानंच छापलेले आहेत. व्यापाऱ्याला अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहावं लागत नाही. आपल्याकडे हार्मोनाइज्ड सिस्टिमची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. त्यासाठी टॅरिफची पहिली अनुसूची, म्हणजे आयातीच्या दरांची यादी, नव्यानं लिहावीच लागेल. तेव्हा शर्ट, पँट, फ्रॉक, स्कर्ट आणि टी-शर्ट या पाच प्रकारांत तरी मुलांच्या आठ आकडी ओळी वेगळ्या काढाव्यात, ही माझी पहिली मागणी. सगळ्या कपड्यांत करायची गरज नाही. मुलांचे टाय आणि शाली मागवणारा आयातदार मला अजून भेटलेला नाही.

दुसरी मागणी २०२८ ची वाट न बघता पुरी करता येते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५१अ खाली वर्गीकरणात एकवाक्यता यावी म्हणून मंडळाला सूचना काढता येतात. ८६ सेंटीमीटर कशावरून ठरवायचे, याची एक सूचना काढा. लेबलवर उंची असेल तर ती अंतिम. चीनसारखी मधली पायरी असेल तर ती कुठे धरायची ते एकदा ठरवून टाका. माझ्या मते ९० ची पायरी रेघेच्या वर धरावी, पण खाली धरली तरी चालेल, फक्त सगळीकडे एकच असू दे. महिने असतील तर किती महिन्यांपर्यंत तान्हं, तो आकडा लिहा. आणि शेडमध्ये टेप लावायचीच असेल तर किती लांबीचा फ्रॉक किती उंचीच्या मुलीचा, हा तक्ता अधिकाऱ्याच्या हातात असू दे. आज त्याच्या हातात नुसती टेप आहे. लेबलवर सेंटीमीटर मागणं काही जगावेगळं नाही. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तू नियमांत २०२२ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर एस, एम, एल या खुणांबरोबर माप मेट्रिक पद्धतीत देणं आलेलंच आहे. एका खात्याला जे लेबल हवंय ते दुसऱ्या खात्यानं वाचलं म्हणजे झालं.

अशी सूचना पूर्वीपेक्षा आता जास्त निकडीची आहे. २०२० पासून फेसलेस असेसमेंट आलं. बिल न्हावा शेव्याला भरायचं आणि तपासणारा अधिकारी देशात कुठेही असू शकतो. ओळखीपाळखीचा कारभार कमी झाला, हे मी खुल्या मनानं मान्य करतो आणि त्याबद्दल मंडळाचे आभारही मानतो. पण पूर्वी एका बंदरावर निदान एक पायंडा तरी पडायचा. आता एकाच मालाच्या दोन बिलांना दोन शहरांतून दोन प्रश्न येतात, आणि फ्रॉक कोणाच्याच समोर नसतो. असतो तो पीडीएफ.

अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे माल येण्याआधीच वर्गीकरणाचा निर्णय, घ्या, असं उत्तर मिळेल. मुंबईत त्यासाठी प्राधिकरण आहे, २०२१ पासून काम करतंय, निर्णय चांगले लिहिले जातात. पण निर्णय लागू होतो तो फक्त अर्ज करणाऱ्याला. ज्या व्यापाऱ्याचा माल दर हंगामाला बदलतो, या दिवाळीला फ्रॉक आणि पुढच्या दिवाळीला जंपसूट, त्यानं दर वेळी अर्ज, शुल्क, वकील आणि काही महिने थांबणं हे शक्य नाही. तोवर दिवाळी होऊन जाते.

बांगलादेशच्या मालाचं वेगळं सांगायला हवं. साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली तिथल्या कपड्यांना मूळ शुल्क माफ आहे, त्यामुळे नगामागची रक्कम तिथे बोचत नाही. बोचतो तो कोड. मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर ६१११ आणि आपल्याकडे ठरलं ६१०९, की २०२० च्या कॅरोटार नियमांखाली, म्हणजे मूळ देशाचा दावा तपासण्याच्या नियमांखाली, प्रश्न सुरू होतात आणि सवलतच टांगणीला लागते. १७ मे २०२५ च्या अधिसूचनेनं बांगलादेशचे तयार कपडे जमिनीच्या मार्गानं येणं बंद झालं. आता फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं उरली. पेट्रापोलच्या रस्त्यानं येणारा माल इकडे वळला, आणि त्याबरोबर शहाऐंशीचा वादही. याला उपाय सोपा आहे: माल तोच असल्याबद्दल शंका नसेल आणि वाद फक्त मुलाच्या उंचीचा असेल, तर प्रमाणपत्र नाकारू नये, असं एक वाक्य त्याच सूचनेत घालावं.

मुलगा की मुलगी हा प्रश्न मी मुद्दाम सोडून देतोय. समोरून डावी बाजू उजवीवर बंद होते तो मुलग्याचा, उजवी डावीवर तो मुलीचा, आणि कळतच नसेल तर मुलीचा, असा नियम आहे. त्यावर हसता येईल, पण तो स्पष्ट आहे आणि माझं काम त्यानं कधी अडलेलं नाही. तीच स्पष्टता मला उंचीच्या बाबतीत हवी आहे.

मंडळानं याचा मसुदा काढला तर तो तीस दिवस तरी लोकांसमोर ठेवावा आणि हरकती मागवताना सोलापूर, उल्हासनगर आणि कोलकात्याच्या मेटियाब्रुझ इथल्या शिवणाऱ्यांनाही विचारावं. आयातदारांच्या बाजूनं बोलायला आमच्यासारखे ब्रोकर येतीलच. चिनी, युरोपीय, बांगलादेशी आणि आपल्या घाऊक बाजारातल्या मापांचा शेजारी शेजारी मांडलेला एक तक्ता मी कामाच्या ओघात करून ठेवला आहे. सरकारी कागद म्हणून त्याला किंमत नाही, पण सुरुवातीला उपयोगी पडेल. मागितला तर लगेच पाठवतो.

आपला विश्वासू,
न्हावा शेव्यातला एक कस्टम ब्रोकर कर्मचारी